क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलावर हरकत: गावात बसून कोणतं दार कामाचं?

घाटंजी, धारणी, एटापल्ली, लोणार, कुठंही राहा. कार्ड घरी पोचतं, बिल पोचतं, वसुलीचा फोनही वेळेवर पोचतो. पण "हे दोन हजार माझ्या नावावर कशाचे लावले?" असं विचारायला तालुक्याच्या गावात एक टेबल नसतं. बँकेच्या शाखेत गेलं तर उत्तर ठरलेलं: कार्डाचा विभाग वेगळा आहे, कस्टमर केअरला फोन लावा. शेजारीपाजारी म्हणतात, "जाऊ द्या ना भाऊ, भरून टाका." आणि बहुतेक लोक भरून टाकतात.

म्हणून हे परीक्षण कोणत्या एका कार्डाचं नाही. बिलाच्या तक्रारीसाठी जी सेवा कंपन्या देतात आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेनं जी देखरेख ठेवली आहे, ती विदर्भातल्या खेड्यातून वापरली तर कितपत चालते, एवढंच इथं पाहायचं आहे. किसान क्रेडिट कार्डाचा याच्याशी संबंध नाही. ते पीककर्ज आहे, त्याचा हिशेब शाखेतच होतो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. फोनवरच्या कस्टमर केअरला पाचपैकी दीड, ॲपमधल्या चॅटला दोन, लेखी ई-मेलला चार, नोडल अधिकाऱ्याला (कंपनीचाच तक्रार निवारण अधिकारी) साडेतीन आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाला (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा) साडेचार. फोनवर कितीही वाद जिंकला तरी हातात काही राहत नाही आणि लेखी दोन ओळींवर मात्र कंपनीला उत्तर द्यावंच लागतं, या एका कारणावरून हे गुण दिले आहेत.

आधी बघा, बिल खरंच चुकलंय का

बऱ्याच तक्रारी इथंच पडतात. सगळ्यात जास्त राग येतो तो व्याजाच्या ओळीचा, आणि ती ओळ बहुतेक वेळा नियमात बसणारी असते. समजा ५ जूनला २०,००० रुपयांची खरेदी झाली. बिल १५ जूनला निघालं, भरायची शेवटची तारीख ५ जुलै. त्या दिवशी १९,००० भरले, हजार राहिले. लोकांना वाटतं, व्याज हजारावर लागेल. बहुतेक कार्डांच्या अटींप्रमाणे बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि खरेदीच्या दिवसापासून पूर्ण २०,००० वर व्याज चढतं. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला तर ३० दिवसांचे ६९० रुपये, उरलेल्या हजारावर १५ जुलैपर्यंतच्या दहा दिवसांचे आणखी ११ ते १२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. मिळून ८२८ रुपये. हजार रुपये राहिले म्हणून आठशे लागतात, हे ऐकून डोकं फिरतं, पण या हिशेबावर तक्रार टिकत नाही. "व्याजदरच फार आहे" ही तक्रारही टिकत नाही. ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जुना निकाल होता, तो सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

आता टिकणाऱ्या हरकतींकडे येऊ. क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे सविस्तर निर्देश एप्रिल २०२२ मध्ये निघाले आणि १ जुलै २०२२ पासून लागू झाले. गावातल्या माणसाच्या खऱ्या उपयोगाचा कागद हाच.

लेट फी घ्या. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लावता येते. तारीख ५ असेल आणि पैसे ८ ला जमा झाले असतील तर लेट फी काढायला लावा. व्याज मात्र लागू शकतं, ते वेगळं. लेट फी मोजायची ती त्या तारखेनंतर शिल्लक राहिलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. आपल्याकडे हा घोळ वारंवार होतो, कारण यूपीआयनं भरलेलं बिल कार्डाच्या खात्यावर चढायला कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. भरणा झाल्यावर जो १२ आकडी व्यवहार क्रमांक दिसतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीत तो क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिली की या प्रकरणात पुढं फारसं बोलावं लागत नाही.

मग येतात न मागितलेल्या गोष्टी: कार्ड प्रोटेक्शन प्लॅन, विमा, कुठली तरी मेंबरशिप. नीट कळेल अशी संमती घेतल्याशिवाय हे लावता येत नाही. अख्खं कार्डच न मागता दिलं असेल आणि त्यावर बिल काढलं असेल, तर ते शुल्क परत करून वर त्याच्या दुप्पट दंड कंपनीनं ग्राहकाला द्यायचा आहे. कार्ड बंद करायची विनंती केली आणि देणं शून्य असूनही सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये. ही कलमं फार थोड्यांना माहीत आहेत, आणि तक्रारीत त्यांचा उल्लेख आला की उत्तराचा सूर बदलतो.

ईएमआयचा घोळ, आपल्या हंगामाशी बांधलेला

यावर जरा थांबायला हवं, कारण ग्रामीण विदर्भातल्या बिलांच्या भांडणात हा भाग मोठा आहे. मृग लागला की बियाणं, खत, फवारणीची औषधं. रोख कमी पडते, कृषी केंद्रात कार्ड घासलं जातं. बिल जुलैत येतं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास, कापसाचे त्याहून पुढं. या मधल्या काळात फोन येतो: "सर, तुमचं बिल ईएमआयमध्ये करून देऊ का, एक्स्ट्रा काही नाही." हो म्हटलं जातं. पुढच्या बिलात प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, हप्त्यातलं व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी अशा चार ओळी दिसतात.

इथं "मला फसवलं" असं लिहून उपयोग नाही. लिहायचं ते असं: अमुक तारखेला अमुक वाजता माझ्या नोंदणीकृत नंबरवर तुमचा फोन आला, त्यात सांगितलेल्या अटींचं रेकॉर्डिंग आणि माझ्या संमतीचा पुरावा द्या. बिलावर हरकत घेतली की कंपनीनं खुलासा द्यायचा, आणि लागू असेल तिथं कागदोपत्री पुरावाही द्यायचा, तोही तक्रारीपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत, असं निर्देशातच आहे. पुरावा दाखवता आला नाही तर ते शुल्क लावायला कंपनीकडे आधार उरत नाही. फोन आला त्या दिवसाचा कॉल-लॉगचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. साध्या मोबाइलमध्ये जुने कॉल आपोआप निघून जातात.

दुसरा घोळ परतीच्या वस्तूचा. बॅटरीवरचा फवारणी पंप ऑनलाइन मागवला, सहा हप्त्यांत. पंप बिघडलेला निघाला, परत केला, विक्रेत्यानं पैसे परत पाठवले. तरी हप्ते सुरूच! कारण परतीचे पैसे आणि ईएमआयचं खातं यंत्रणेत वेगवेगळं चालतं. परतीची रक्कम कार्डावर जमा होते, पण हप्ता रद्द करायची विनंती वेगळी द्यावी लागते. परतीचा ई-मेल, जमा झाल्याची तारीख आणि ईएमआयचा कर्ज क्रमांक, हे तिन्ही एकाच मेलमध्ये जोडून "हप्ता रद्द करा, रद्द होईपर्यंत लागलेलं व्याज आणि जीएसटी परत करा" असं लिहा. शेवटची तारीख यायच्या आत परतीचे पैसे आले असतील आणि बिल भरलेलं नसेल, तर ती रक्कम लगेच देय रकमेतून वळती करायची आणि ग्राहकाला कळवायचं, हाही नियम आहे.

मशीन अडकलं, पैसे गेले

पेट्रोल पंपावर रेंज जाते, मशीन "डिक्लाइन" दाखवतं, दुसऱ्यांदा कार्ड घासलं जातं आणि मोबाइलवर दोन मेसेज येतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, पैसे वळते झाले पण दुकानातल्या मशीनवर पक्की पावती आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप उलट फिरायला हवी. नंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता.

इथं डिक्लाइनची पावती हाच मुख्य पुरावा. लोक ती तिथंच फेकून देतात, किंवा गाडीच्या डिक्कीत टाकतात. हा कागद उष्णतेनं छापला जाणारा असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत दुपारभर राहिला की सगळा काळा पडतो, आणि घरात ठेवला तरी काही महिन्यांत अक्षरं उडतात. पंपावरच, मशीनसमोर उभं राहून, पावतीचा फोटो काढा. तारीख, वेळ, मशीनचा टर्मिनल क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत.

इंधनाच्या अधिभाराबद्दल एक बारकी गोष्ट. कार्डावर "अधिभार माफ" असं लिहिलेलं असलं तरी त्या माफीला किमान आणि कमाल रकमेची अट असते, आणि अधिभारावरचा जीएसटी बहुधा परत मिळत नाही. बिलातल्या त्या तीन-चार रुपयांसाठी तक्रार करू नका, वेळ वाया जातो.

पैसे चोरीला गेले असतील तर

ही साधी हरकत नाही, इथं तास मोजायचे. आधी कार्ड ब्लॉक, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, मग कंपनीला लेखी कळवणं. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कोणी घोटाळा केला असेल आणि मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डाला जास्तीत जास्त १०,००० आणि त्यावरच्या कार्डाला २५,००० रुपये. सात कामाच्या दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. मेसेज मिळाल्याचा दिवस यात धरत नाहीत. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हे बँकेचं काम. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच.

ओटीपी स्वतःच सांगितला असेल, किंवा वॉट्सॲपवर आलेली कुठलीशी योजनेची ॲप-फाइल मोबाइलमध्ये टाकली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान स्वतःचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेखातर लपवून ठेवू नका. पहिले पाच हजार गेले तेव्हाच कळवलं तर पुढचे पन्नास हजार वाचतात.

आता एकेक दार

फोनचं दार मोठं आहे, पण मागं भिंत. मेन्यूतून वाट काढत माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो, वीज गेली की टॉवरची रेंजही डळमळते, आणि कॉल तुटला की पहिल्या आकड्यापासून सुरुवात. खरी अडचण त्याहून वेगळी. तिकडचा माणूस तुमचं म्हणणं बऱ्याचदा "विनंती" किंवा "चौकशी" म्हणून नोंदवतो, तक्रार म्हणून नाही. दोन दिवसांनी मेसेज येतो: "शुल्क योग्य आहे, तुमची विनंती बंद करण्यात आली." फोनवर बोलावंच लागलं तर एकच वाक्य पक्कं धरा: "ही कंप्लेंट म्हणून नोंदवा आणि नंबर मेसेजवर पाठवा." फोन वापरायचा तो कार्ड ब्लॉक करायला आणि हा नंबर घ्यायला. "एक वेळची सवलत म्हणून अर्धे पैसे परत देतो" असं कोणी म्हटलं तर लेखी मागा. सवलत आणि चुकीची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलत घेतली की शुल्क बरोबर होतं असं मान्य केल्यासारखं होतं.

ॲपमधला चॅट व्यवहारावर थेट बोट ठेवून हरकत नोंदवायला बरा, विशेषतः एकच व्यवहार दोनदा लागला असेल तर. पण खिडकी बंद झाली की संभाषण सापडत नाही. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा.

ई-मेल हे खरं दार, पण त्याला एक कुलूप असू शकतं. आपल्याकडे अनेकांचे कार्डाचे अर्ज एजंटनं भरलेले असतात आणि त्यात एजंटनं स्वतःचा किंवा त्याच वेळी बनवलेला, पुढं कोणी न उघडलेला ई-मेल पत्ता टाकलेला असतो. अनोळखी पत्त्यावरून मेल आला की कंपनी "नोंदणीकृत मेलवरून लिहा" म्हणून परत करते. तेव्हा भांडण सुरू व्हायच्या आधीच ॲपमध्ये जाऊन आपला कोणता मेल नोंदलेला आहे ते बघा आणि बदलून घ्या. मेल पाठवल्यावर "सेंट"मध्ये जाऊन पाहायची सवय लावा. रेंज नसली की मेल "आउटबॉक्स"मध्ये दोन-दोन दिवस पडून राहतो, आणि तुमचे ३० दिवस सुरूच होत नाहीत.

मजकूर लांबवू नका. इतका पुरे:

"विषय: बिलावर हरकत, कार्डाचे शेवटचे चार आकडे ____.
१५ जुलैच्या बिलात १२ जुलै रोजी 'कार्ड प्रोटेक्शन प्लॅन' या नावानं १,९९९ रुपये आणि जीएसटी ३५९.८२ रुपये, एकूण २,३५८.८२ रुपये लावले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही. माझ्या संमतीचा पुरावा द्यावा, अन्यथा ही रक्कम, तिच्यावर लागलेलं व्याज, लेट फी आणि त्यावरील जीएसटी परत करावा. ही तक्रार म्हणून नोंदवून क्रमांक कळवावा. वाद मिटेपर्यंत ही रक्कम थकबाकी म्हणून क्रेडिट ब्युरोला कळवू नये. सोबत: बिलाचं पान, मेसेजचा स्क्रीनशॉट."

पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन, ओटीपी कशातही लिहायचा नाही. खरी कंपनी तो विचारतही नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या "कस्टमर केअर" नंबरवर फोन लावू नका, कार्डाच्या मागं आणि बिलावर छापलेलाच नंबर घ्या.

व्यवहार दुकानदाराशी असेल, म्हणजे माल आलाच नाही, वेगळाच आला, किंवा दोनदा पैसे गेले, तर कंपनी "डिस्प्यूट फॉर्म" मागते. त्यावरून चार्जबॅक होतो: कार्ड कंपनी नेटवर्कमार्फत (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागते. याची मुदत नेटवर्कच्या नियमांनी बांधलेली असते आणि ती उलटली की खरी तक्रारही मरते. कार्डाच्या अटींत याहून कमी दिवस लिहिलेले असू शकतात. दुकानदार "पुढच्या आठवड्यात पाठवतो" म्हणत राहतो आणि दिवस सरतात. त्याला लेखी एकदा विचारा, आठ दिवस थांबा, मग फॉर्म भरा.

मेलला उत्तर आलं नाही, किंवा "शुल्क योग्य आहे" एवढंच आलं, तर नोडल अधिकारी. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क बिलावर छापणं कंपनीला बंधनकारक आहे. बिलाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं ते. आधीचा तक्रार क्रमांक वर लिहून तोच मेल पुढं पाठवा. ई-मेल जमत नसेल तर तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं पत्र पाठवा आणि पावती व पोचल्याचा ऑनलाइन तपशील जपून ठेवा. कायद्याच्या नजरेत हेही लेखीच. ठराविक आकाराच्या बँकांमध्ये नाकारलेली तक्रार ग्राहकाला कळवण्याआधी त्यांच्या अंतर्गत लोकपालाकडे (बँकेनंच नेमलेला, रिझर्व्ह बँकेचा नव्हे) जायला हवी असते. तिथं ग्राहकाला थेट जाता येत नाही, पण उत्तरात त्याचा उल्लेख आहे का, ते वाचा.

तीस दिवस झाले की

पहिल्या लेखी तक्रारीपासून ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. १२ नोव्हेंबर २०२१ ला ही एकात्मिक योजना सुरू झाली आणि गावातल्या माणसासाठी तिचा मोठा फायदा म्हणजे हद्दीचा प्रश्नच उरला नाही. नागपूरला जावं लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन या पोर्टलवर मोबाइलवरूनही तक्रार भरता येते, फी नाही, वकील नाही. उलट वकिलामार्फत दिलेली तक्रार घेतच नाहीत. लेखी पाठवायची असेल तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राच्या पत्त्यावर पोस्टानं जाते. काही अडलं तर १४४४८ हा टोल-फ्री नंबर, मराठीतही बोलतात.

तक्रारी बाद का होतात, ते मात्र समजून घ्या. आधी कंपनीला लेखी दिलेलंच नसतं. दिलं असलं तरी ३० दिवस पुरे झालेले नसतात. तोच विषय ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असतो. किंवा तक्रारीचा कागदच जोडलेला नसतो, नुसतं "फोन केला होता" असं लिहिलेलं असतं. फोनला दीड गुण का, हे इथं कळेल. मुदत बरीच आहे असं समजून थांबू नका. एकतिसाव्या दिवशी, कागद हाताशी असतानाच भरा.

सेतू किंवा सीएससी केंद्रावर टायपिंगचे पैसे देऊन भरून घ्यायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि मेल स्वतःचाच टाका. "सिबिल साफ करून देतो, लोकपालात आपली ओळख आहे" म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. लोकपालाकडे ओळखीचं काम नाही, आणि फुकटच्या कामाला दलाल कशाला?

ग्राहक आयोग शेवटचा. जिल्ह्याच्या ठिकाणी तो आहे, राहत्या जिल्ह्यातच दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण तारखा पडतात. धारणीच्या माणसाला सेमाडोह-परतवाडा करत अमरावतीला चार तारखांना जायचं म्हटलं तर दोन हजारांच्या बिलासाठी ते परवडत नाही. मोठी रक्कम असेल किंवा मनस्तापाची भरपाई खरंच मागायची असेल, तरच जा.

मधल्या काळात बिल भरायचं की नाही

यावर आमचं मत ठाम आहे. हरकतीची रक्कम छोटी असेल, वरच्या उदाहरणासारखी दोन-अडीच हजार, तर पूर्ण बिल भरा आणि मेलमध्ये "हरकत कायम ठेवून भरणा केला आहे" असं लिहा. कारण यंत्रणेला तुमचा वाद कळत नाही, तिला फक्त अपुरा भरणा दिसतो, आणि मग वर सांगितलेलं ८२८ रुपयांचं गणित सुरू होतं. वाद जिंकाल तेव्हा पैसे परत येतीलच. रक्कम मोठी असेल आणि ती घोटाळ्याची असेल, तर ती वगळून बाकीचं भरा. घोटाळा म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही. बँक खात्यातून बिल आपोआप कापलं जात असेल तर ती सोय आधी बदला, नाहीतर वादाची रक्कमही त्यातूनच जाईल.

या काळात वसुलीचा फोन आला तर तक्रार क्रमांक सांगा आणि फोन कधी आला ते लिहून ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. सरपंचाला, पोलीस पाटलाला, भावाला किंवा शेजाऱ्याला फोन करून बदनामी करणं तर साफ मना आहे. गावात हीच भीती सगळ्यात मोठी असते आणि लोक तिच्यापायी नको ते पैसे भरतात. असा एक फोन झाला तरी तो लोकपालाच्या तक्रारीत स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा.

पैसे परत आले, तरी दोन बिलं थांबा

"रिव्हर्सल झालं" असा मेसेज आला की लोक विषय सोडून देतात. पुढची दोन बिलं ओळीओळीनं वाचा. मूळ शुल्क परत येतं, पण त्याचा जीएसटी राहतो. तो आला तर व्याज राहतं. व्याज आलं तर लेट फी. चारही ओळी उलट्या फिरलेल्या दिसल्याशिवाय तक्रार बंद करायला हो म्हणू नका. एक राहिली तरी त्याच तक्रार क्रमांकावर उत्तर द्या, नवी तक्रार उघडू नका. नवी उघडली की ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

महिनाभरानं क्रेडिट रिपोर्ट काढा. देशातल्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी (म्हणजेच क्रेडिट ब्युरो, सिबिल त्यातलीच एक) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. वादातली रक्कम तिथं थकबाकी म्हणून चढली असेल तर ती दुरुस्त करायची तक्रार कार्ड कंपनीकडे आणि त्या क्रेडिट माहिती कंपनीकडे, दोन्हीकडे द्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हे काम पेरणीच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच उरकून घ्या. पीककर्जाच्या नूतनीकरणाला बँक हाच रिपोर्ट उघडते, आणि जूनमध्ये तो दुरुस्त व्हायला वेळ नसतो.